वीसच्या वीस

पक्षाघातातून उठल्यापासून बाबांचं काही खरं नाही, असं दादाने ठरवूनच टाकलं होतं. "अगं, माझी ठमी मुठीत मणी लपवते आणि कुठल्या हातात ते विचारते. वीस डाव झाले, बाबांना एकदाही ओळखता आलं नाही. आता त्यांना एकटं राहू द्यायचं नाही."

बहिणीतली संख्याशास्त्राची मास्तरीण जागी झाली. "दादा, डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतं. नुसत्या योगायोगाने वीसच्या वीस चुकायची शक्यता दहा लाखांत एक."

ती बाबांशेजारी जाऊन बसली. "बाबा, मणी कुठे आहे ते तुम्हाला दर वेळी कळतं ना?"

मुठी पुढे करून धावत येणाऱ्या नातीकडे बाबांनी पाहिलं.

"हळू बोल," ते म्हणाले, "तिला ऐकू जाईल."