दुसरी वाटी

खाण्याचीच धास्ती घेतलेली चौदा वर्षांची लेक दोन महिन्यांनी हॉस्पिटलमधून सुट्टीला घरी आली. "आई, आज गोड करू. ओव्हन नको, गॅस नको. बिस्किटं चुरायची, वर क्रीम नि चॉकलेट," ती म्हणाली. दोघींनी थर लावले, भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी तिने एक चमचा खाल्ला, मग आपणहून दुसरा भरला. आईने श्वास रोखून धरला होता. लेकीने दुसरी वाटी आईपुढे सरकवली.

"मला नको गं, वजन वाढतं," आई सवयीने बोलून गेली.

"आई, तुला गोड खाताना मी जन्मात पाहिलं नाहीये."

आईने चमचा काठोकाठ भरून तोंडात घातला. पोर भान हरपून तिच्याकडे बघत राहिली.