तिसरी पुकार

उपासना संपत आली आणि सूचना सुरू झाल्या. शनिवारी स्त्रियांची सभा, पुढच्या रविवारी प्रभुभोजन. शेवटच्या बाकावर आईशेजारी बसलेला प्रणीत जिवाचा कान करून ऐकत होता. आज आपलं नाव वाचलं जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

बेंगळूरची ही मराठी मंडळी छोटीशी. कन्नड उपासना आटोपली की त्याच चर्चमध्ये यांची सुरू व्हायची. लग्न ठरलं की तीन रविवार भर उपासनेत पुकार व्हायची: अमका आणि अमकी यांचा विवाह योजला आहे, कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी. प्रणीत आणि सुप्रीताची दोनदा झाली. तिसरीच्या आधीच्या गुरुवारी, चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत, तो कामाला होता त्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात अॅसिडचा नळ फुटला आणि प्रणीतचे दोन्ही डोळे गेले.

त्याला आता दहा आठवडे झाले होते. प्रणीत खचला नाही, हे मात्र खरं. इस्पितळात तो आईकडून स्तोत्रं वाचून घ्यायचा. घरी आल्यावर, दोनदा गटारात पाय घालून का होईना, काठीने बसस्टॉप गाठायला शिकला. स्वतःची दाढी स्वतः करू लागला. देव आहे ना, तो सांभाळेल, म्हणायचा. भेटायला येणारे म्हणायचे, विश्वास असावा तर असा. फक्त सुप्रीता आली की हा झोपेचं सोंग घ्यायचा. चिकपेटेतून आणलेली लग्नाची पांढरी साडी परत कर, असा निरोपही त्याने धाडला. तिने काही ती परत केली नाही. शेवटी काल त्याने पाळकांना चिठ्ठी पाठवली: तिसरी पुकार करू नये. लिहून दिली चंद्राबाईने, त्याच्या आईने, आणि लिहिताना ती माउली ढसाढसा रडली.

“आणि आता,” पाळक उपेंद्र म्हणाले, “प्रणीत आणि सुप्रीता यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची पुकार. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी.”

प्रणीत ताडकन उभा राहिला. काठी खडखडत बाकाखाली गेली.

“माझी हरकत आहे!”

नवऱ्या मुलानेच आपल्या लग्नात मोडता घातल्याचं या मंडळीने आजवर ऐकलं नव्हतं. पुढून म्हाताऱ्या विश्वेश्वरअण्णांचा आवाज आला, “स्वल्प जोरात बोल रे बाळा, इथवर येत नाही!”

“पाळकसाहेब, माझी चिठ्ठी नाही मिळाली?”

“मिळाली. पण पुकार दोघांची आहे आणि चिठ्ठी एकाचीच आली. आता हरकत घेतलीस, तर कारण सांग. तुम्ही जवळच्या नात्यातले आहात? तुझं आधी लग्न झालंय? वय कमी पडतंय?”

“मला दिसत नाही.”

“ते सगळ्यांना ठाऊक आहे. नियमात ते कारण नाही.”

कोणीतरी फिसकन हसलं.

“माझा देवावर विश्वास आहे, पाळकसाहेब. मला तो पार नेईल. पण नोकरी गेली, डोळे गेले. हिला मी कुठल्या बळावर सांभाळू?”

गाणाऱ्यांच्या बाकांकडून चपलांचा आवाज निघाला आणि थेट त्याच्यापाशी येऊन थांबला. सुप्रीता कोरमंगल्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. चाळीस पोरांना गप्प करणारा तो आवाज आता हातभर अंतरावरून आला.

“तुला देव सांभाळतो आणि मला तू सांभाळायचंस, ही वाटणी कोणी केली? तो काय एकट्या तुझाच आहे?”

प्रणीत वाकून बाकाखाली काठी चाचपू लागला, पण सुप्रीता थांबली नाही.

“दहा आठवडे मीही गुडघे टेकलेत. पहिले आठ दिवस तुझ्या डोळ्यांसाठी. पुढे सगळे दिवस, तुझं डोकं ठिकाणावर यावं म्हणून.”

सगळं चर्च खो खो हसलं. “सरी, अगदी बरोबर बोलली बघ पोरगी!” अनुसूयाअक्का बाकावर थाप मारून म्हणाल्या.

प्रणीतच्या डोक्यात लख्ख उजाडलं. सुप्रीताच्या बाबतीत देवाची जागा त्याने स्वतःकडेच घेऊन ठेवली होती आणि ते काम झेपेना म्हणून घाईघाईने राजीनामाही देऊन टाकला होता. दहा आठवडे त्याला बळ मिळालं होतं ते एकट्यापुरतंच, कारण त्याने मागितलंच तेवढं होतं; दोघांसाठी मागून पाहायची त्याची हिंमतच झाली नव्हती. त्याला स्वतःचं हसू आलं.

पाळकांनी पुकार पुन्हा पहिल्यापासून वाचली. “कोणाची हरकत?”

चंद्राबाईने त्याचा हात घट्ट धरला. पाळक थांबले, चांगले लांबलचक थांबले. प्रणीत तोंड मिटून उभा राहिला.

“तर मग आपण प्रार्थना करू,” पाळक म्हणाले.

त्यांनी पहिला शब्द उच्चारायच्या आतच शेवटच्या बाकाकडून खणखणीत “आमेन” आलं, आणि ते प्रणीतचं होतं.