बहात्तर तासांचा सिद्धांत

शत्रूच्या सैन्याशी लढत बसू नका, विमानं पाठवून त्याच्या शहरांची वीज तोडा, बहात्तर तासांत लोक हात टेकतील, असा सिद्धांत जनरल हॉलोवेंनी मांडला होता. एका युद्धात एका शहरावर तो वापरलाही गेला. शहर शरण आलं नाही, पण सिद्धांत अभ्यासक्रमात राहिला. नागपूरची उपासना त्यावरच पीएचडी करत होती, म्हणून ती त्यांच्या गावी, श्रूजबरीला, नव्वदीतल्या जनरलसाहेबांची मुलाखत घ्यायला गेली.

बर्फाच्या वादळात तारा तुटून त्यांच्या भागातली वीज गेली होती, त्याला आज सहावा दिवस होता. अंगावर दोन कोट चढवून जनरल फायरप्लेसवर सूप गरम करत होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"डॅड, आता हट्ट पुरे. मी न्यायला येते."

"मी घर सोडणार नाही," त्यांनी ठणकावलं. "सहा दिवसांत काय माणूस मोडतो?"

फोन ठेवून त्यांनी वळून पाहिलं. उपासना काहीच लिहून घेत नव्हती, नुसती त्यांच्याकडे बघत होती.

जनरलनी दोन मगांत सूप ओतलं, एक तिच्यापुढे ठेवला. मग त्यांनी लिहिलेल्या चारही पुस्तकांत तिला कुठेच न सापडलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"त्या शहरात वीज परत कधी आली?"



"अकरा महिन्यांनी, सर."