दाराच्या फटीशी

वीज गेली आणि लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्येच अडकली. आत ग्रंथालयातल्या मावशी होत्या. एकट्याच, परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी घेऊन.

दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोरच्या वर्गात संवादकौशल्याचे सर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलाखतीची तयारी करून देत होते. लिफ्टच्या दारावर धपाधप हात आपटल्याचा नि रडण्याचा आवाज आला तसा अख्खा वर्ग बाहेर पडला.

"मावशी, काही घाबरू नका. पाच मिनिटांत काढतो तुम्हाला," सर वर तोंड करून म्हणाले. आवाज कमावलेला होता, ठाम होता. आतलं रडणं वाढलं.

मुलांनी डोकी चालवली. दोघं जनरेटरकडे धावले, पण तो सुरू होईना. दोघं दोष नेमका कुठे असेल यावरून हमरीतुमरीवर आले. मेकॅनिक फोनवर म्हणाला, चाळीस मिनिटं तरी लागतील. तेवढ्यात वरून पत्रा घासल्यासारखा आवाज आला. मावशी लिफ्टचं दार हातानं ओढत होत्या.

"हे पडणार आहे," त्या म्हणाल्या. "मी उडी मारते."

उडी मारली असती तर त्या लिफ्टखालच्या विहिरीसारख्या खोल पोकळीत गेल्या असत्या. तिथल्या प्रत्येकाला ते कळत होतं. त्यांना ते कसं सांगायचं, हे मात्र कुणालाच सुचेना.

गर्दीतून एक मुलगी पुढे आली. वर्गात तिला सगळे पुटपुट म्हणत, कारण तिचं बोलणं दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे. ती फरशीवर मांडी घालून बसली. दाराच्या फटीला तिनं आधी कान लावला, मग तोंड.

"मावशी, चाळीस मिनिटं लागणार आहेत."

सर झटकन पुढे वाकले. त्यांनी तिचा खांदा धरला. ती हलली नाही.

वरचं ओढणं थांबलं. "चाळीस?"

"हो. थोडी इकडेतिकडे. पण पाच नाहीत."

मग ती गप्प बसली. बराच वेळ. सरांना राहवेना. "बोलत राहा," ते कुजबुजले. तिनं मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून.

"लिफ्ट पोलादी दोरांवर लटकते मावशी. चार दोर आहेत. त्यातला एकटा एक अख्खी लिफ्ट पेलतो, तुमच्यासकट नि पुस्तकांसकट."

पुन्हा गप्प.

"आणि वर ब्रेक आहे. वीज असली की त्याची पकड सुटते, म्हणून लिफ्ट हलते. वीज गेली की स्प्रिंग त्याला मिटवते. आत्ता तो मिटलाय."

"म्हणजे वीज नाही म्हणून पडणार ना?"

"नाही. वीज नाही म्हणून घट्ट धरलंय."

भांडणाऱ्या दोघांची तोंडं बंद झाली. हा ब्रेक त्यांना परीक्षेत दहा मार्कांना आला होता.

"दार सोडा आता. मागच्या भिंतीला पाठ लावून बसा."

वर गाडीची चाकं सरकली. थोड्या वेळानं उत्तर आलं, "बसले. तू कोण गं?"

"शेवटच्या वर्षाची. यंत्रांचं ते जाडं पुस्तक माझ्याकडे आहे."

"ते होय. दोन महिने झाले की."

"उद्या देते."

वरून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यातच बारीकसं हसू.

मेकॅनिक आला आणि थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. मुलीनं पुन्हा तोंड फटीपाशी नेलं. "मावशी, आता लिफ्ट खाली हलेल. पडणार नाही. वर एक माणूस हातानं चाक फिरवतोय. वीतवीत उतरेल. हलली की मला सांगा."

"हलली."

"किती?"

"वीतभर."

"बरोबर. अजून एकदा."

असं दहा-बारा वेळा झालं. मावशींचा आवाज आधी डोक्यावरून येत होता. तो उतरत उतरत दाराच्या मागे आला, बसलेल्या मुलीच्या अगदी समोर. कुणी पापणी लववत नव्हतं.

दार उघडलं. आधी गाडी बाहेर आली, मग मावशी. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण बोलत होतं?" मुलगी उभी राहिली. मावशींनी तिच्या गालावर हात ठेवला आणि गाडी ढकलत निघून गेल्या.

मुलं वर्गात परतली. सरांनी तिला दारातच थांबवलं.

"मध्येमध्ये एवढी गप्प का बसत होतीस? मला वाटलं, तुला सुचत नाहीये."

"त्यांचा श्वास ऐकत होते, सर," ती म्हणाली, नेहमीसारखीच पुटपुटत. "तो खाली बसल्याशिवाय पुढचं वाक्य आत गेलं नसतं."

ती आपल्या बाकावर जाऊन बसली. सर टेबलापाशी आले. पोरं त्यांच्याकडे बघत होती. सर उभे राहिले, ऐकत. साठ जणांचा श्वास. सोळा वर्षं ते या खोलीत शिकवत होते, तो त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होता.