शोभेचा मासा

दिवाणखान्यातल्या भिंतभर टाकीत प्रवाळं लावून झाली होती. आता मधोमध मिरवणारा एक मासा हवा म्हणून नवऱ्याने मलाही दुकानात नेलं. दुकानदाराने निळ्या पट्ट्यांचा, बशीएवढा मासा दाखवला. “आधी खातो का बघू,” नवरा म्हणाला. खाद्य टाकलं, मासा कोपऱ्यातून हलला नाही. “नवी जागा आहे साहेब, रुळेल.” “रुळेल असं विकणारेच म्हणतात,” नवरा काचेला नाक लावून म्हणाला. “पोट खपाटीला गेलंय, रंग उतरलाय. हा जगायचा नाही.” माशांतलं त्याला फार कळतं. काचेत त्याच्यामागे मी दिसत होते, बोटातून गळू नये म्हणून लग्नाच्या अंगठीला दोरा गुंडाळलेली. त्याने दुसरा, खादाड निवडला. मासा पिशवीत भरेपर्यंत मी बाहेर येऊन आईला पुन्हा फोन लावला. “मला न्यायला ये गं.” “अगं, नवं घर आहे,” आई म्हणाली, “रुळशील.”