जाळीखालची जागा

हिरवी जाळी कुणाच्या डोक्यावर बांधली आहे, ते धाकटीला जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच दिसलं. रंगाच्या डब्यांच्या. डबे ओळीने गारेगार सावलीत बसले होते. आणि तिचा नवरा पलीकडच्या कोपऱ्यात, टळटळीत उन्हात, नुसत्या बनियनवर वाकून रोलरने गच्ची पांढरी करत होता.

काल संध्याकाळी हाच माणूस घरी आला तेव्हा पाठ टेकवता येईना म्हणून दारातच उभा राहिला होता. खांदे आणि मान लालबुंद, हात लावावा तर तव्यासारखी गरम. डोक्यावर टोपी होती, तरी हनुवटीच्या खालून भाजलेला. टोपी वरचं ऊन अडवते. पांढऱ्या रंगावरून उसळी मारून वर येतं ते कोण अडवणार? जेवायला बसल्यावर त्याला हुडहुडी भरली, तेव्हा धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. रात्रीच दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, की गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, पाणी भरपूर पाजा, फोड आलेत त्यांना नख लावू नका, आणि कातडी भरून येईपर्यंत याला उन्हात पाठवू नका.

मग मोठे दीर आले. ठेका दादांचाच. त्यांनी भावाच्या पाठीकडे लांबूनच पाहिलं आणि टूथपेस्ट चोपडा, सकाळपर्यंत गडी ठणठणीत होतो, असा सल्ला दिला. धाकटीने ट्यूब उचलून मोरीत नेऊन ठेवली. त्यावर दादा हसले. काम परवा संपवून द्यायचंय, घरचाच माणूस घरी बसला तर बाहेरचे काय करतील, असं म्हणाले. तिचा चेहरा बघून गळ्याला हात लावला. उद्या गच्चीवर जाळी बांधतो, याने नुसतं सावलीत बसून रंग ढवळायचा, इकडची काडी तिकडे करायची नाही. त्या शब्दावर तिने नवऱ्याला सोडलं.

शब्दाचा पक्का माणूस. जाळी खरंच बांधली होती.

तिने सोबत पाण्याची बाटली आणलेली, आणि सैल, लांब बाह्यांचा सुती सदरा. सकाळी कॉलर काचते म्हणून नवरा तो घरीच टाकून आला होता. आता बनियनच्या पट्ट्यापाशी कालचे दोन फोड फुटून ओले झाले होते. तिला बघून तो ओशाळला. थोडंच राहिलंय, म्हणाला. धाकटीने त्याच्या हातातला रोलर काढून घेतला, सदरा त्याच्या अंगावर हलकेच चढवला आणि त्याला दंडाला न धरता, बोटाला धरून जाळीपाशी आणलं. तिथे बसायला जागाच नव्हती. तिने एक डबा ओढून उन्हात काढला, मग दुसरा, आणि त्या जागेत नवऱ्याला बसवलं.

जिन्याच्या खोलीच्या सावलीत उपडी बादली टाकून दादा फोनवर बोलत होते. डबे सरकल्याचा आवाज झाला तसे ते फोन ठेवून आले. माणूस सरकला तेव्हा आले नव्हते.

"अगं, काय करतेस? रंग तापला की गुठळ्या होतात, सगळा वाया जातो. डब्यावर छापलंय बघ, उन्हात ठेवू नये."

"यांच्या पाठीवर छापलेलं नाही, म्हणून होय?"

दादांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. आम्ही अनवाणी गच्च्या रंगवल्या, कातडी सोलली, पुन्हा आली, कुणी मेलं नाही. आताची पोरं लोण्याची. शिवाय आजचं दोन तासांचं तर काम, आणि बायकोने कामाच्या जागी येऊन तमाशा करायची आपल्या घरात रीत नाही. धाकटीला तोच शब्द लागला. आपल्या घरात! भाऊ रात्रभर पालथा पडून कण्हत होता, ते कुणाच्या घरात? दात-ओठ खात ती बाटलीचं झाकण उघडत होती. नवऱ्याला पाणी पाजल्याशिवाय तिला भांडायचंही नव्हतं.

दादांनी मग उन्हातला एक डबा, झाकण उघडलेला, ढवळायची काडी घातलेला, दोन्ही हातांनी उचलला आणि जाळीपाशी आणून टेकवला. तो आत मावेना.

तेव्हा तिचा नवरा सरकला.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. थोरल्या भावाने काहीही पुढे केलं की जागा करून द्यायची, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक. तो सरकला, डबा आत बसला, आणि सोललेला खांदा सदऱ्यासकट पुन्हा उन्हात आला. वर त्याने पाण्याचा घोट घेत बायकोकडे बघून मान हलवली. राहू दे गं, म्हणाला, बसतो असाच.

इतका वेळ धाकटीला दादांचा राग आला होता. आता नवऱ्याचा आला, आणि तो त्याहून मोठा होता. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच.

तिने डब्याच्या कडेला पाऊल लावलं आणि तो लोटला.

डबा धप्पकन आडवा झाला. घट्ट पांढरा रंग दादांच्या चपलांना वळसा घालून, कोरड्या गच्चीवरून सावकाश जिन्याकडे निघाला.

"झाली जागा," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "सरका आत."