सात घरांचं वाण

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून मी मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. नणंदेच्या साखळी-विक्रीच्या कंपनीत शिरायचं तर शिवणयंत्रासाठी साठवलेले बारा हजार भरायचे होते, त्यामुळे विचार करणं भाग होतं.

डावी बाजू भराभर भरली. घरबसल्या काम, कमिशन, पाच वर्षांत गाडी. सगळं नणंदेनेच पढवलेलं. "फक्त ओळखीच्या बायकांची यादी कर गं वहिनी, बाकी आपोआप होतं." उजवीकडे मी ‘ह्यांची कटकट’ एवढंच लिहिलं.

यादीत सात जणी झाल्या. रथसप्तमी तोंडावर आलेली, त्यामुळे त्या सातही जणींकडे त्याच संध्याकाळी हळदीकुंकू होतं. अत्तर लावून घेता घेता हळूच विषय काढायचा, असं ठरवून मी निघाले.

पहिल्या घरी वाण म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचं पाऊच मिळालं. नणंदेच्याच कंपनीचं. दुसऱ्या घरीही तेच. तिसरीने तिळगुळाच्या आधी पाऊच हातात ठेवलं आणि विचारलं, "रविवारी मीटिंगला येशील ना?" सातव्या घरी तर मी उंबरठ्यावरच पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"मग, काय ठरलं?" घरी आल्या आल्या ह्यांनी विचारलं.

मी सातही पाऊच ओट्यावर ओळीने मांडून ठेवली आणि पेन घेतलं. उजवीकडे लिहिलं, ‘अख्ख्या कॉलनीत विकत घेणारी मी एकटीच उरलेय.’ डावीकडचं सगळं खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘दोन महिने भांड्यांचा साबण आणायला नको.’